मोहरीची उशी आणि कापलेली पपई

सुरतला आपलं कोणीच नाही असं घर आपल्या भागात शोधूनही सापडायचं नाही. कुणाचा भाऊ उधन्याला लूमवर, कुणाचा मेव्हणा पांडेसऱ्यात डाइंगमध्ये, कुणाची बहीण डिंडोलीत. लग्नपत्रिका वाटायची म्हटली तरी अर्ध्या पत्रिका ताप्तीच्या रेल्वेने तिकडेच जातात. माझी मावशीही लग्न होऊन लिंबायतला गेली ती तिकडचीच झाली. काका लूमवर जायचे आणि मावशी घरात बसून साड्यांना टिकल्या आणि खडे चिकटवायची. एका साडीमागे ठरलेले पैसे. गाठोडं संध्याकाळी यायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत जायचं. आपण बस्त्याला घेतो त्या चमचमत्या साडीवर अशा कितीतरी मावश्यांचे डोळे खर्ची पडलेले असतात, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

१९९८ सालचा उन्हाळा. बारावीची परीक्षा देऊन मी मावशीकडे राहायला गेले होते. एकदा दुपारी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर दोरीवरच्या परकराच्या घडीत एक लहानशी, गोल, पांढऱ्या अस्तराच्या कापडाची उशी. हातात घेतली तर जड. आत मोहरी. आपल्याकडे नव्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करतात, तशीच; पण फार लहान, आणि दोन बाजूंना नाडीसारख्या पट्ट्या. घरात बाळ तर नव्हतं. मी खाली येऊन मोठ्याने विचारलं, "मावशी, ही मोहरीची उशी कोणाची गं?" मावशीने ती माझ्या हातातून जवळजवळ हिसकावली. दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "कोणले सांगू नको."

मी कोणाला सांगितलं नाही. गावी आल्यावर आईला मात्र विचारलं. आईने भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं की मावशीचं आदल्या वर्षी ऑपरेशन झालं, गाठीचं, एक बाजू काढावी लागली. "बाजू" हाच शब्द तिने वापरला. आमच्या घरात त्या दुखण्याला नाव नव्हतं. "तिचं ते दुखणं" म्हटलं की सगळ्या बायकांना कळायचं आणि पुरुषांना कळल्यासारखं दाखवायची गरज पडायची नाही. ब्लाउज दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून मावशीने स्वतःच ती उशी शिवली होती. कापूस भरून पाहिला तर तो हलका, वर सरकायचा. बाजरी भरली तर घामाने कुबट वास यायचा. मोहरी बरोबर जमली. वजनही जुळलं. हे सगळं मला नंतर कळलं.

त्यानंतर पंधराएक वर्षांनी, उजळणी वर्गाच्या निमित्ताने विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसले असता भारतीय चित्रकारांविषयीच्या एका पुस्तकात एक छायाचित्र दिसलं. एक बाई बसलेली आहे. डोक्यावरून बुरखा घेतलेला, हातात वाचायचे कागद, आणि छातीवरचं वस्त्र मात्र मुद्दाम उघडं, शस्त्रक्रियेनंतर वापरायची कृत्रिम स्तनाची ब्रा दिसेल असं. खाली नाव होतं रुमाना हुसेन, आणि साल १९९८. माझा हात पानावरच थांबला. ज्या वर्षी लिंबायतच्या गच्चीवर माझ्या मावशीने दाराकडे बघत ती उशी लपवली, त्याच वर्षी एक बाई चारचौघांसमोर बसून तीच गोष्ट दाखवत होती. या रुमानाबद्दल आपल्या भागात फारसं कोणी लिहिलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रुमाना हुसेन यांचा जन्म १९५२ साली बंगळूरला झाला आणि त्यांचं आयुष्य पुढे मुंबईत गेलं. आधी त्या तैलरंगात चित्रं काढायच्या. सुखवस्तू, शिकलेलं, धर्माचं फारसं अवडंबर नसलेलं घर. मग डिसेंबर १९९२ आला. अयोध्येत बाबरी मशीद पडली, मुंबई पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. सुरतही त्या डिसेंबरात पेटली होती. मी तेव्हा तेरा वर्षांची. मावशीची खुशाली कळेना म्हणून आईने आठ दिवस धड जेवण केलं नव्हतं, एवढं आठवतं. मावशीच्या गल्लीत काय घडलं ते मोठ्या बायका आपसात कुजबुजत, आम्ही पोरी जवळ गेलो की गप्प होत. तिकडे मुंबईत रुमानांना कुटुंबासह काही काळ राहतं घर सोडावं लागलं. त्या दिवसांपर्यंत त्या चित्रकार होत्या, मुंबईकर होत्या, कोणाच्या तरी बायको, आई होत्या. एकाएकी त्यांचं आडनाव इतर सगळ्याच्या आधी उभं राहू लागलं.

त्यानंतर त्यांनी कॅन्व्हास जवळजवळ सोडून दिला. घरातल्या वस्तू घेतल्या. मातीची मडकी घेतली, ती फोडली, अर्धी केली आणि आरशाच्या तुकड्यांवर मांडली. गेरू घेतला, नीळ घेतली. अर्धं मडकं पालथं ठेवलं की घुमट दिसतो. उताणं ठेवलं की गर्भाशय. फुटलेलं असलं की दोन्ही फुटलेली. मशिदीचा पडलेला घुमट आणि बाईचं पोट या दोन गोष्टी एकाच खापरात दिसू शकतात, हे सांगायला त्यांना एकही वाक्य लागलं नाही. १९९४ साली त्यांनी अशा कामांचं प्रदर्शन मांडलं. या प्रकाराला मराठीत मांडणशिल्प म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपण कानबाई बसवतो तेव्हा काय करतो? नारळाला नथ घालतो, कुंकू लावतो, दागिने चढवतो, आणि घरातली म्हातारी त्या नारळाशी लेकीशी बोलावं तसं बोलते. सोमवारी पोचवायला निघालो की रडते. सुरतेतले आपले लोक तर वाजतगाजत नेतात. नारळात बाई बघायची ज्यांना सवय आहे, त्यांना पपईत बाई दिसायला अडचण पडू नये.

कारण पपई ही रुमानांची दुसरी खूण. १९९५ साली मुंबईत एनसीपीएच्या आवारात त्यांनी एक सादरीकरण केलं, 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' नावाचं. नाटक नव्हे, संवाद नाहीत, पात्रं नाहीत. पायात घुंगरू बांधून, हातात उभी चिरलेली पपई धरून, तोंड पूर्ण उघडं ठेवून त्या चालत राहिल्या. तोंड किंचाळल्यासारखं, पण आवाज नाही. बस एवढंच. पिकलेली पपई उभी चिरली की आत काळ्या बियांची ओंजळ असते. ती पाहून कोणत्याही बाईला जे आठवायचं ते आठवतंच. शिवाय पपई म्हटलं की आपल्या आयाबायांच्या मनात दुसरीही गोष्ट येते. दिवस गेलेल्या बाईने पपई खाऊ नये, असं प्रत्येक घरात सांगतात, आणि नको असलेले दिवस गेले की कोणीतरी पपईच सुचवतं. एवढं सगळं एका फळात आहे. बाजारात वीस-तीस रुपयांना मिळणाऱ्या फळात.

१९९७ साली त्यांनी बेगम हजरत महल या १८५७ च्या उठावात लखनौ लढवणाऱ्या राणीच्या नावाने एक काल्पनिक कबर मांडली. तिच्यातही पपया होत्या, आणि बेगमेच्या जागी रुमाना स्वतः उभ्या राहिल्या होत्या. आपल्या झाशीच्या राणीचे पुतळे गावोगाव आहेत, हजरत महलचं नाव मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतं आणि जातं. विसरल्या गेलेल्या बाईची जागा दाखवायची तर स्वतःच तिथे जाऊन उभं राहायचं, हा त्यामागचा सरळ विचार.

याच सुमाराला त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. एवढी वर्षं ज्या देहाला धर्मावरून लोकांनी बघितलं, तोच देह आता आतून पोखरला जात होता. १९९८ चं ते सादरीकरण, मी छायाचित्र पाहिलं ते, त्यातून आलं. त्याचं नावच एक प्रश्न आहे, 'इज इट व्हॉट यू थिंक?', तुम्हाला वाटतं तेच आहे का हे? त्यात त्या एकामागून एक प्रश्न वाचत जातात. एका अनाम बाईबद्दलचे प्रश्न, तिच्या कपड्यांबद्दल, धर्माबद्दल, देहाबद्दल. उत्तर एकही देत नाहीत. बघणाऱ्याच्या डोक्यात बुरख्याबद्दलची जी उत्तरं आधीच तयार असतात, ती छातीवरच्या त्या खुणेजवळ येऊन अडखळतात. बुरखा पाहून दया करायला निघालेला माणूस आजार पाहून काय करील? आणि आजाराला हळहळणारा माणूस बुरखा पाहून काय करील?

शेवटचं मोठं काम १९९९ सालचं, 'अ स्पेस फॉर हीलिंग'. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या प्रदर्शनासाठी केलेलं. लाल भिंतींची खोली, भिंतीवर जुनी लोखंडी हत्यारं अशी लावलेली की लांबून एखादी लिपी वाटावी, आणि जमिनीवर पांढरी अंथरुणं. ती दवाखान्यातल्या खाटा म्हणा, नमाजाच्या चटया म्हणा, नाहीतर कबरी म्हणा. त्याच वर्षी रुमाना हुसेन गेल्या. वय ४७.

आमच्या वर्गात मी हे सांगते तेव्हा दरवर्षी एकतरी मुलगा विचारतो, "मॅडम, पण याला कला कसं म्हणायचं? हे तर स्वतःचं रडगाणं झालं." प्रश्न खोटा नाही. मलाही तो पडलेला आहे. मी त्याला ओव्यांपाशी घेऊन जाते. जात्यावर बसून बाई काय गात होती? माहेर, भाऊ, सासुरवास, अंगावरचे वळ, मेलेलं लेकरू. स्वतःचंच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या रडगाणं म्हणून कोणी फेकून दिल्या नाहीत. आपल्या आसोद्याची बहिणाई तिशीत विधवा झाली, आणि कपाळ, बांगडी, शेत, सुगरणीचा खोपा यांतून तिने जे गायलं ते आज अभ्यासक्रमात आहे. तिचं पुस्तक १९५२ साली आलं, ती गेल्यानंतर. ती गात असताना ऐकणारे घरचेच होते. रडगाणं आणि गाणं यांतला फरक विषयात नसतो. आपलं दुःख हातात घेऊन बाई त्याला वजन, मात्रा, आकार देते की नाही, यात असतो. रुमानांनी पपई उभी चिरली, आडवी नाही. एवढा विचार रडताना कोणी करत नाही.

जगात याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे मेक्सिकोची फ्रीडा काहलो. १७ सप्टेंबर १९२५ रोजी तिची बस आणि ट्राम यांची धडक झाली, कणा मोडला, अठराव्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. आईने पलंगावर आरसा लावून दिला आणि ती त्यात पाहून स्वतःला रंगवू लागली. १९३२ मधला गर्भपात तिने रंगवला, १९४४ मध्ये स्वतःचा मोडका कणा दगडी खांब करून रंगवला. मोठी बाई. पण आज तिचा चेहरा चहाच्या कपांवर आणि कापडी पिशव्यांवर इतका छापला जातो की तिचं दुखणं त्यात कुठल्या कुठे जातं. म्हणून वर्गात मी फ्रीडा पाच मिनिटांत उरकते आणि जवळच्या बायकांकडे येते.

जवळच्या म्हणजे बडोद्याच्या नीलिमा शेख. १९८४ च्या सुमारास त्यांनी 'व्हेन चंपा ग्रू अप' नावाची १२ लहान चित्रांची मालिका केली. चंपा ही त्यांच्या ओळखीतली मुलगी. हुंदडणारी पोर, मग लग्न, सासर, स्वयंपाकघर, आणि मग आग. पोथीतल्या चित्रांसारखी नाजूक, हळुवार रंगांतली चित्रं, आणि त्यांतली एक पोर जळते आहे. ते दशक ज्यांनी पाहिलं त्यांना "स्टोव्हचा भडका" हे शब्द आठवतील. पेपरात आतल्या पानावर चार ओळींत यायचे. १९८३ साली भारतीय दंड विधानात ४९८अ कलम आलं ते याच पार्श्वभूमीवर. आणि या भडक्यांत सुरतेचाही एक धागा आहे, तो सांगायला मला बरं वाटत नाही. त्या काळात घरोघरी नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या आल्या. स्वस्त, धुवायला सोप्या, इस्त्री नको. माझ्या काकांच्या लूमवर विणलेल्या, मावशीने टिकल्या लावलेल्या. सुती साडी जळते, ती सोडून टाकता येते. कृत्रिम धाग्याची साडी वितळते आणि कातडीला चिकटते.

चंपा स्वतःचं चित्र काढायला उरली नाही. म्हणून ते शेजारच्या बाईने काढलं. ही आत्मकथा नव्हे, पण तिच्या शेजारची गोष्ट आहे, आणि मला वाटतं ज्या बायका वाचल्या नाहीत त्यांचं कोणीतरी असंच सांगावं लागतं.

त्या काळात चित्रकार बायकांना एकत्र यायलाही कष्ट पडले. नलिनी मलानी १९७९ साली न्यूयॉर्कला गेल्या असता तिथे फक्त बायकांनी चालवलेलं 'एआयआर' नावाचं कलादालन त्यांनी पाहिलं, आणि आपल्याकडे असं काही करावं असं मनात घेऊन परतल्या. प्रत्यक्षात यायला आठ वर्षं गेली. नलिनी मलानी, नीलिमा शेख, अर्पिता सिंग आणि माधवी पारेख या चौघींनी मिळून १९८७ ते १९८९ या काळात 'थ्रू द लुकिंग ग्लास' हे प्रदर्शन देशात ठिकठिकाणी नेलं. नावात पुन्हा आरसाच.

मराठीत हे काम आधी लेखणीने झालं, असं मला वाटतं. मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ सालचं. ऐन पंचविशी-सत्ताविशीतल्या बाईने लग्नातली हिंसा आणि त्यात आपल्या देहाची झालेली परवड सरळ लिहून काढली. नवरा कोण, तर नामदेव ढसाळांसारखा मोठा कवी. तेव्हा लोकांनी ते पुस्तक नवऱ्याची कुलंगडी शोधायला वाचलं. बाई काय म्हणते आहे ते वाचायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. २०१६ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं, तेव्हा कुठे नव्याने चर्चा झाली. आजही माझ्या विद्यार्थिनी ते पुस्तक ग्रंथालयातून नेतात ते दुसऱ्या पुस्तकाखाली ठेवून.

आणि शकुंतला कुलकर्णी. धारवाडला १९५० साली जन्मलेल्या, मुंबईत राहणाऱ्या. बाईला रस्त्यात सुरक्षित वाटत नाही म्हणून त्यांनी वेताची चिलखतं विणून घेतली. आपल्याकडे टोपल्या-सुपं विणतात तशी विणकाम दिसणारी, पण अंगभर. ती स्वतः अंगावर चढवून शहरातल्या वेगवेगळ्या जागी उभं राहून छायाचित्रं काढून घेतली. २०१२ साली 'ऑफ बॉडीज, आर्मर अँड केजेस' या नावाने ते प्रदर्शन मुंबईत झालं. चिलखत म्हणावं तर आत वाराही खेळतो, पिंजरा म्हणावं तर संरक्षणही होतं. साठीतली बाई ते घालून कॅमेऱ्याकडे रोखून बघते, तेव्हा हसायला येत नाही. पुढे २०२४ साली पॅरिसमध्ये दिओर या बड्या फॅशनवाल्यांनी आपल्या शोच्या भोवती हीच चिलखतं मांडली. बाईला कामाचं मोल मिळालं याचा आनंद आहे. तरी चिलखतांमधून पंचविशीच्या सडपातळ मुली कपडे दाखवत चालल्या होत्या, ते बघताना मला जरा गंमतच वाटली.

दाखवणं आणि दाखवलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याच भागाचं घ्या. नंदुरबार-धुळ्याकडची शेकडो कुटुंबं दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन सुरत जिल्ह्यात बारडोलीकडच्या साखर कारखान्यांच्या उसावर जातात. ऊसतोडणीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात ही गोष्ट २०१९ साली बीडमुळे गाजली. सरकारने समिती नेमली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कॅमेरे आले, चेहरे धूसर करून बायका दाखवल्या. चेहरा धूसर, पोटावरची खूण स्पष्ट. हे करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. ते आकडे बाहेर आले हे फार बरं झालं. पण किती वेळ बघायचं, कुठून बघायचं, कधी पदर ओढून घ्यायचा, हे त्या बायकांच्या हातात नव्हतं. रुमाना बसल्या तेव्हा ते त्यांच्या हातात होतं. त्या प्रश्न विचारत होत्या, आणि समोरचे उत्तर न देता आल्याने चुळबुळत होते.

आणि मावशी? तिने लपवलं म्हणून ती कमी पडली, असं मी पूर्वी समजत होते. पुस्तकं वाचून येणारी ही एक आढ्यता असते. गेल्या दिवाळीत तिला भेटायला सुरतला गेले तेव्हा ती थोडी उतरली. काका आता नाहीत. मावशी सत्तरीला टेकली, टिकल्या लावणं डोळ्यांमुळे कधीच सुटलं. दुपारी आम्ही दोघीच होतो. मी मोबाइलवर ते छायाचित्र काढून तिच्यापुढे धरलं. आधी वाटलं, चूक केली. ती बराच वेळ बोललीच नाही. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"एवढ्या लोकांसमोर बसली ही?"

"हो."

"हाई से का अजून?"

नाही म्हटलं, दुसऱ्याच वर्षी गेली. मावशीने मोबाइल माझ्या हातात दिला. मग मी पपईचं सांगितलं. तेव्हा तिला हसू आलं. चिरलेली पपई हातात धरून चालली, मग ती पपई नंतर कोणी खाल्ली का, असं तिने विचारलं. हा प्रश्न एकाही समीक्षकाने विचारलेला मी वाचला नाही.

मग ती आपणहून बोलायला लागली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर जे बोलले ते सगळं काकांशी बोलले, दाराबाहेर. अंगठा-सही काकांची. तिला एवढंच सांगितलं की गाठ काढायची आहे. तिने मनात धरलं की सुपारीएवढी गाठ, सुपारीएवढी जखम. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तिने खाली बघितलं तेव्हा तिला कळलं. नर्स म्हणाली, बघू नका. "मनंच आंग, आन् मालेच बघू नका," असं मावशी म्हणाली, आणि थोडा वेळ पदराचं टोक दुमडत राहिली. घरी आल्यावर तिने दार लावून आरशात बघितलं. रोज थोडं थोडं बघायची. पंधरा दिवसांनी अस्तराचं कापड काढलं आणि माप घेतलं. माप घ्यायला दुसरी बाजू होतीच. पहिली उशी मोठी झाली, दुसरी वाकडी, तिसरी जमली. मग शेजारच्या गल्लीतल्या एका बाईचं तसंच ऑपरेशन झालं तेव्हा तिलाही हिने शिवून दिली. मग आणखी एकीला. मोहरी किती घालायची हे ती तळहातावर मापून द्यायची.

मी विचारलं, एकूण कितीजणींना दिली असशील? तिने बोटं मोजली. नऊ.

नऊ बायका, एका लिंबायतमध्ये, आणि मला वाटत होतं की हे एकटीचं गुपित आहे.

आता ब्लाउजच्या आत घालायच्या तयार गाद्या दुकानात मिळतात, भाचीने तिला आणून दिल्या आहेत. मग ती जुनी उशी कुठे, असं मी विचारलं. कधीची उसवली, म्हणाली, कापड फाटून गेलं.

"आणि मोहरी?"

"मोहरी काय फेकनी से का? कढीले फोडणी दिधी."

हे लिहू का, असं मी निघताना विचारलं. उधना स्टेशनपर्यंत सोडायला भाची येणार होती, ती गाडी काढत होती. मावशीने दारात उभं राहून विचार केला. लिही, म्हणाली. नाव नको टाकू. त्या नऊजणींचंही नको टाकू. पण तिसऱ्यांदा जमली ते मात्र लिही.